पोस्टमास्तरांच्या साठ ओळी

आमच्या डेअरीत मॅनेजरसुद्धा ज्यांना वचकून असत, त्या पोस्टमास्तरांचा पोस्टाशी सुतराम संबंध नव्हता. डेअरी वाघोलीच्या पुढे. तिथल्या प्रत्येक टाकीवर ट्रान्समीटर नावाचा एक डबा असतो. टाकीत दूध किती, किती गरम, हे तो वायरवरून कंट्रोल रूमला कळवतो. वायर एक आणि बोलणारे चाळीस, म्हणून प्रत्येकाला वेगळा नंबर लागतो. तो नंबर द्यायचं काम यांचं, म्हणून हे पोस्टमास्तर. कर्वेनगरहून कंपनीच्या बसने यायचे, खिडकीची जागा धरायचे आणि खिडकी कुणाला उघडू द्यायचे नाहीत.

मी तेवीस वर्षांची, नुकती लागलेली इंजिनियर, तरी मला 'अहो मॅडम' म्हणायचे. मला तो मान वाटला. मग एके दिवशी ते लॅपटॉपसमोर बसून "अहो सात नंबर, बोला, लाजू नका," असं म्हणताना ऐकलं आणि मी जमिनीवर आले.

ट्रान्समीटरांवर त्यांचा माणसांपेक्षा जास्त लोभ होता. "सगळे एका वेगात बोलतात, विचारल्याशिवाय तोंड उघडत नाहीत, आणि विचारलं तेवढंच सांगतात," असं ते मला शिकवताना म्हणाले. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून सोमवारच्या मीटिंगचा कालवा ऐकू आला. त्यांनी नुसतं त्या दाराकडे पाहिलं आणि पुढचा डबा उघडला.

नियम त्यांचा एकच होता. नवे ट्रान्समीटर खोक्यातून येतात तेव्हा सगळ्यांचा नंबर १ असतो. म्हणून एका वेळी एकच वायरला जोडायचा, त्याला नवा नंबर द्यायचा, वीज बंद करून पुन्हा चालू करायची, वहीत लिहायचं, आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. "नवा नंबर लगेच अंगी लागत नाही. एकदा झोपवून उठवावं लागतं," म्हणायचे. शेवटची नोंद होईपर्यंत चहा नाही. कॅन्टीनवाला कप ठेवून जायचा, त्यावर साय धरायची, पण मास्तर ढुंकून बघायचे नाहीत.

त्या वर्षी ते रिटायर व्हायचे होते. पण नवं युनिट येणार होतं, त्यात साठ ट्रान्समीटर. तेवढ्यासाठी त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळणार अशी बोलवा होती. विचारलं की, "मला काय, घरी सोफा आहे," असं म्हणायचे. प्रत्यक्षात वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी पट्टीने साठ ओळी आखून ठेवल्या होत्या. मी चुकून पाहिल्या तर वही झटकन मिटली.

आणि मग मी शहाणपणा केला. शेजारशेजारच्या चौदा आणि पंधरा नंबरच्या टाक्यांवरचे दोन जुने डबे बिघडले होते, त्यांच्या जागी नवे बसवायचे होते. मास्तरांना त्या दिवशी सर्दी झाली होती. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "सर, तुम्ही गरम चहा घेऊन या. मला येतं सगळं."

ते गेले. उभ्या नोकरीत पहिल्यांदा, मधेच.

दोन्ही एकदम जोडले की शिडी एकदाच चढावी लागते, एवढाच माझा हिशेब. जोडले. लॅपटॉपवरून '१ नंबर, तू आता १४ हो' असा हुकूम सोडला, वीज बंद करून चालू केली. नंबर १ दोघांचाही. दोघंही इमानेइतबारे १४ झाले. पडद्यावर आकडा आला, मी खूश! पंधरा नंबरचं नंतर बघू म्हटलं. पण दोघांच्या गलक्यात ऐकू आलेला आकडा होता शेजारच्या, पंधरा नंबरच्या रिकाम्या टाकीचा. खरी चौदा नंबरची टाकी भरली, पंप चालूच राहिला, आणि दुधाचा लोट थेट गेटपर्यंत गेला. वॉचमन चपला हातात घेऊन उभा होता.

मॅनेजरांनी वही मागवली. माझी नोकरी अजून कच्ची होती. मला वाटलं, संपलं. मास्तरांनी आधीच नोंद केली होती, नेहमीच्या वळणदार अक्षरात : "दोन एकदम जोडले. चूक मॅडमची. मॅडमना एकटं सोडून चहाला गेलो. ही त्याहून मोठी चूक, माझी." खाली सही.

मी कायम झाले. मुदतवाढीचं पत्र काही आलं नाही.

निरोपाच्या दिवशी नारळ, शाल, आणि मॅनेजरांचं लांबलचक भाषण. मास्तर घड्याळ बघत होते. बसपाशी मी त्यांना गाठलं. रडू आवरेना. "सर, माझ्यामुळे गेलं हो सगळं. तुम्ही माझ्या एकटीचं नाव लिहायचं होतं."

"नोंद आहे ती, देणगीची पावती नाही. झालं ते लिहिलं," ते म्हणाले. मग वही माझ्या हातात दिली. "आणि तुमच्यामुळे नाही, चहामुळे गेलं. तोही पाणचट होता."

खिडकीत बसले. काच बंदच होती. मागे वळून बघतील असं मला फार वाटत होतं. बस वळेपर्यंत ते समोरच बघत राहिले.

नवं युनिट पावसाळ्यानंतर आलं. त्यांनी आखलेल्या साठ ओळी भरायला मला अकरा दिवस लागले. साठ वेळा जोडलं, साठ वेळा झोपवून उठवलं, शिडी किती वेळा चढले ते विचारू नका. कॅन्टीनवाला रोज कप ठेवून जायचा. साठावी नोंद झाली, सही केली, तेव्हा शेजारी त्या दिवशीचा कप होता, थंडगार, वर साय धरलेली. तो मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.