सरांचा रिकामा खिळा

सर कुठलंही चित्र भिंतीवर एकटं टांगत नसत. "एकट्याले करमत नाही गा," म्हणायचे. धरमपेठेतल्या त्यांच्या छोट्या गॅलरीत आमच्यासारख्यांच्या आजच्या चित्राशेजारी युरोपातलं एखादं जुनं छापील चित्र असायचंच. तरुणपणी ते तिकडे शिकायला गेले होते. येताना कपडे मित्रांना वाटून टाकले आणि पेटीत ही चित्रं भरून आणली. सगळी काळी, वहीच्या पानाएवढी. पंख फुटलेली डोकी, पाण्यावर तरंगणारे चेहरे. "हे प्रतीकवादी लोक," सर सांगत, "डोळे उघडे असताना दिसते ते नाही, मिटल्यावर दिसते ते काढत."

मी वाडीला ट्रक रंगवत मोठा झालो. कोणी शिकवलं नाही, कोणी हात धरला नाही. जे मिळालं ते घासाघीस करून मिळवलं. सरांकडेही माझं मोठं चित्र घेऊन गेलो तो भांडायच्या तयारीनंच. ट्रकच्या सावलीत भर दुपारी झोपलेला ड्रायव्हर काढला होता मी. त्याला दारासमोरची भिंत हवी होती. येणाऱ्याची पहिली नजर तिथेच पडते. सर म्हणाले, "आधी जोडी तर जमू दे."

जोडी जमवायची त्यांची रीत सोयरिकीची. दोन्ही चित्रं जमिनीवर शेजारी टेकवून ठेवायची आणि खोलीचं दार लोटून घ्यायचं. "जा, तर्री पोहे खाऊन ये. मोठ्यांसमोर पोरं बोलत नाहीत." परत आलं की ते चित्रांकडे नाही, चित्रकाराच्या तोंडाकडे पाहायचे. तोंड वाकडं दिसलं तर जोडी मोडायची. माझं वाकडंच होतं. सर म्हणाले, "तुझं कायमचंच तसं आहे, ते धरत नाही मी."

माझ्या ड्रायव्हरला त्यांनी काळ्या पाण्यावर तरंगणारा, डोळे मिटलेला एका बाईचा चेहरा शोधला होता. आणि जागा कोणती? आतली, मागची भिंत! दारातून येणाऱ्या उन्हानं जुना कागद खराब होतो म्हणे.

"कागद तुमचा खराब होते, मी काहून मागं जाऊ?" मी ओरडलो.

"तिले उजेडात येता येत नाही, म्हणून तू जायचं," सर शांतपणे म्हणाले. "पुढच्या वेळी समोरची भिंत तुझी. शब्द देतो."

उद्घाटनाच्या दिवशी सर जेवायला गेले तेवढ्यात मी माझं चित्र मागच्या भिंतीवरून उतरवून दारासमोर टांगलं. ते आले, पाहिलं आणि चहा सांगितला. मागे दुसरं काही लावलं नाही. तो चेहरा आणि शेजारी रिकामा खिळा, एवढंच. लोक माझ्या चित्राला "मस्त आहे" म्हणून पुढे जात आणि मागच्या भिंतीशी थबकून राहत. एका बाईंनी विचारलंच, "इथं कोण होतं हो?" मी तडक जाऊन चित्र उतरवलं. परत मागे नेताना दुसरी बाजू सरांनी धरली. "जड आहे गा तुझा ड्रायव्हर," एवढंच म्हणाले.

पुढची वेळ आलीच नाही. सर गेले. त्यांच्या मुलीनं ती जुनी छापील चित्रं दूरच्या एका संग्रहालयाला दिली. बरंच केलं, त्यांना थंड अंधार लागतो. पण मला दिलेल्या शब्दाचं काय? माणसानं शब्द पुरा केल्याशिवाय जाऊ नये. हा राग माझा अजून आहे, आणि तो मी कोणाला कमी करू देत नाही.

यंदा सरांच्या विद्यार्थ्यांनी त्याच गॅलरीत त्यांच्या आठवणीचं प्रदर्शन मांडलं. दारासमोरची भिंत मला न मागता दिली. भांडावं लागलं नाही म्हणून मला चैन पडेना. ड्रायव्हर टांगून झाल्यावर मी शेजारी अजून एक खिळा ठोकला.

मांडणी पाहणारी एक पोरगी आली. "काका, इथं एक लहान चित्र बसते. लावून देऊ?"

"नाही बसत."

"मग खिळा तरी काढू?"

"हात तर लावून पाहा!"

ती हसली. "काहून काका, कोण येऊन राहिलं?"

"जागा ठरलेली आहे," मी म्हणालो. "आणि ते दार थोडं लोटून घे वं. ऊन येते इथवर."