डाव्या गालावरचा वारा

दिवस मावळला की भटू आबाला दिसत नसे, हे त्याची बायको कुंदाबाई हिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. दिवसा शेतात तुरीच्या शेंगेतली अळी टिपणारा माणूस, पण कंदील लागला की उजेडाचा नुसता पिवळा गोळा आणि भोवती काळं.

तरी धुळ्यात मुरलीधराची पालखी रात्री निघाली की पुढे भटू आबाच. पुढे गाणाऱ्याने गात वळायचं आणि पालखीने त्याच्यामागे यायचं, अशी तिथली रीत. गळा असा, की ओट्यावरची म्हातारी माणसं जागच्या जागी ताल धरत.

"एखादले तरी सांगी द्या," कुंदाबाई म्हणे. "एक दिन गटारमा पडशात."

"पालखीपुढलं ठिकाण गयं म्हंजे मी गया."

त्याचा हिशेब गालावर होता. डाव्या हाताला गल्ली आली की पांझरा नदीवरचा वारा त्या गालाला लागे. एक, दोन, तीन झुळका सोडायच्या, चौथीला वळायचं. दहा वर्षं तो एकदाही चुकला नव्हता.

एकोणीसशे एकतीस सालच्या आश्विनातही पालखी निघाली. झांजा तापल्या, पखवाज घुमला. डोक्यावर गॅसबत्ती घेतलेला हारुन त्याच्या शेजारून चालत होता. पहिली झुळूक. दुसरी. मग लगेच तिसरी. जरा लवकर आली असं वाटलं, पण चरण रंगला होता. चौथीला भटू आबा वळला.

"आबा, इधर कहाँ?" हारुन म्हणाला. झांजांत ते बुडून गेलं.

दहा पावलांवर कमावलेल्या कातड्याचा वास आला. ही चांभारगल्ली. पालखी हिच्या तोंडावरून जायची, आत कधीच नाही. पेठेतलं एक घर श्रावणात पाडलं होतं. त्या मोकळ्या जागेतून आलेला वारा त्याने गल्ली म्हणून मोजला होता.

अर्धा चरण तोडायचा नसतो. तो गात राहिला.

"माय वं! पालखी उनी! आमना दारशी उनी!" बाईचा आवाज, धावत्या बांगड्या, आणि भटू आबाच्या पायांवर गार पाण्याची धार पडली. ती झुंबरबाई, जोडे शिवणाऱ्या निंबाची विधवा.

तेवढ्यात मागून झांजा फुटल्यासारख्या थांबल्या.

"कोणी वळवली?" देवळाचे पंच झुलालशेठ ओरडत पुढे आले. "पालखी बाटवली! हा बत्तीवालाच फितला दिसतो. काय रे हारुन?"

फाडकन आवाज आला. बत्ती हेलकावली आणि भटू आबाचा पिवळा गोळा वरखाली झाला.

"बोल ना भटू, यानेच वळवलं ना?" शेठचा आवाज एकदम गोड झाला. "तुझ्याकडून कशी होईल चूक?"

नुसतं हं म्हटलं असतं तरी भागलं असतं.  शेजारी हारुनचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"त्याले हात लावू नका, शेठ. मीच वळनू. रातले माले दिखत नही. दहा वरीस व्हयनात."

कोणीतरी फिस्कन हसलं.

"म्हणजे दहा वर्षं देव आंधळ्याच्या मागे हिंडला?" झुलालशेठ म्हणाले. "फिरवा पालखी. देवाला नदीवर नेऊन शुद्ध करा आधी. मगन, झांजा ठेव, तू उचल चरण. हारुन, बत्ती पुढे!"

उजेडाचा गोळा लहान होत विझला. भटू आबा ओल्या पायांनी तिथेच उभा राहिला. लांबून मगनचा आवाज आला, वरच्या सुरात फाटलेला. घर कुठल्या बाजूला, तेही त्याला कळेना.

"आबा," झुंबरबाई चार हात लांबून म्हणाली, "माले तुमना हात धरता येवाव नही. मी गास. तुम्ही मांगेमांगे या."

तिने तोच चरण धरला. शेवटी जी मुरड भटू आबा घ्यायचा, ती मुरडही घेतली. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून किती वर्षं ऐकलं असेल हिने!

तो निघाला. गल्लीचं तोंड आलं तसा वारा लागला आणि तिचा आवाज तुटला. पुढे पेठेत तिला हटकणारी माणसं बोलत उभी होती.

"थांबू नको वं माय," तो म्हणाला. "माले काहीच दिखत नही."

 मग आवाज खाली आणून तिने पुन्हा सुरू केलं, आणि भटू आबाने पाऊल टाकलं.