लाल पंपाचं पाणी

लातूरच्या भूकंपानंतर औशाकडच्या एका नव्या वसाहतीत मी दोन हातपंपांचं पाणी तपासलं. एका पंपात फ्लोराईड फार निघालं. त्याने दात बिघडतात, हाडं ताठरतात. ते पाणी कुणी पिऊ नये म्हणून मी तो पंप लाल रंगवला आणि सरकारी जीपमध्ये बसून निघालो.

बऱ्याच वर्षांनी, लातुरात शिकवणीच्या क्लासेसच्या पाट्या दाटल्या त्या काळात, पुन्हा तिथे गेलो. लाल पंपाला हळदीकुंकू वाहिलेलं होतं. पाणी भरणाऱ्या म्हातारीला मी हाक मारली. तिची मान वळेना. ती अख्खीच माझ्याकडे वळली. भोवतीची पोरं हसली, तर सगळ्यांचे दात तपकिरी.

"मावशी, पलीकडचा पंप चालू आहे की!"

"त्याला कोण इचारतं? ह्याला सरकारनं शेंदूर लावलाय. देवीचं पाणी हाय, बाबा. पी की."

"तो रंग मी लावला, मावशी. हे पाणी पिऊ नका, म्हणून."

तिने घागर खाली ठेवली.

"मग तवा तुझ्या तोंडाला काय झाल्तं रे, बाबा?"

नोकरीभर मी म्हणत आलो, की खेड्यातली माणसं सांगितलेलं ऐकत नाहीत. त्या वसाहतीत मी कुणाला काही सांगितलंच नव्हतं.