लिफ्ट सोडलेला शेजारी

आमच्या मुलुंडच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात तो राहतो. पोट सुटलेलं, तोंड त्याहून सुटलेलं. जन्मतः हात किंवा पाय अपुरा असलेल्या मुलांना कृत्रिम हातपाय मिळावेत म्हणून त्याने एक पण केला होता, महिनाभर घरी जिना चढूनच यायचं. पाळला तर ऑफिसातले लोक त्या मुलांसाठी पैसे देणार. मजल्यामजल्यावर थांबून, धापा टाकत तो हे सगळ्यांना सांगायचा.

परवा खाली भेटला. माझा गिरणीतून आणलेला पिठाचा डबा उचलला आणि पणाबद्दलच बोलत माझ्यामागून लिफ्टमध्ये शिरला. माझ्याही लक्षात आलं नाही. सहाव्यावर दार उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काकू, वाट लागली."

"मी कुणाला सांगत नाही. जा घरी."

"तुम्ही नाही सांगणार हो. पण मला माहीत आहे ना."

डब्यासकट तो जिना उतरला. बऱ्याच वेळाने कठडा धरून, घामाघूम होऊन वर आला. मी डबा घेतला, त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"असाही चढतोच आहेस," मी म्हटलं, "तर पुढचं दळण तूच आण."