पिंजाऱ्याची गादी

"उठ. गादी पे से उठ."

पीरसाहेबांच्या खादिमाने, त्यांच्या सेवकाने, असं म्हटलं आणि मी दचकून उठले. खरं तर मी बसलेच नव्हते. अब्बांचे हात थरथरत होते, ते एका अंगाला कलत होते. त्यांना सावरायला मी वाकले आणि माझा एक गुडघा गादीच्या काठाला टेकला. एवढंच झालं.

गुरुवारची दुपार होती. आस्तान्याचा, म्हणजे पीरसाहेबांच्या दरबाराचा, हॉल माणसांनी भरलेला. पीरसाहेब गादीवर लोडाला टेकून बसले होते. त्यांच्यासमोर फरशीवर अब्बा. अब्बांच्या पायात साखळी, साखळीचं दुसरं टोक खांबाला. पीरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते अम्मीला म्हणाले, "पिंजारी हो ना तुम लोग? गादी बनाना तुम्हारा काम है. उस पे बैठना नहीं."

लोक हसले.

अब्बाही हसले. हात जोडून हसले. ते हसणं मी विसरू शकत नाही.

कारण ती गादी अब्बांनीच भरली होती. कोपऱ्याला लाल दोऱ्याचा एक टाका होता. अब्बा प्रत्येक गादीच्या एका कोपऱ्याला तसा टाका घालत. मी लहानपणी विचारलं होतं, काहून घालता? ते म्हणाले होते, "आपलं काम आपल्याले ओळखू आलं पाहिजे ना वं."

आम्ही पारशिवनीकडच्या गावातले. पिंजारी मुसलमान. घरात गावचीच बोली चालते, मधूनमधून हिंदी. गावात उर्दू शाळा नव्हती, म्हणून मी मराठी शाळेत शिकले. आमच्यात कॉलेजला गेलेली मीच पहिली. अब्बा नागपुरात गल्लोगल्ली फिरून रुई पिंजायचे, गाद्या भरायचे. मग लोक फोमच्या गाद्या घेऊ लागले. अब्बा रिकामे बसू लागले, आणि रिकामे बसता बसता पिऊ लागले. आधी संध्याकाळी. मग सकाळीही.

मुसलमानाच्या घरात दारू म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगणं अवघड आहे. हिंदू शेजारणीचा नवरा पितो, तिचं दुःख चारचौघींत निघतं. अम्मीचं दुःख निघत नव्हतं. हराम आहे ना. बोलायचं कसं? दवाखान्यात न्यायचं तर कागदावर 'दारू' लिहिणार. मोहल्ल्याला कळणार.

अम्मीकडे एकच इलाज होता. पहाटेच्या फजरच्या नमाजनंतर ती तांब्यातल्या पाण्यावर कुराणातल्या आयती पढायची, फुंकर घालायची आणि ते दम केलेलं पाणी अब्बांना द्यायची. अब्बा मान खाली घालून प्यायचे. दारू सुटली नाही. पण त्या पाण्यात कुणाचा अपमान नव्हता. हे मला इथे लिहून ठेवायचं आहे, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की ही मुलगी दीनच, धर्मच सोडून बसली. मी नमाज सोडलेली नाही.

मग कोणीतरी कोराडी रस्त्यावरच्या आस्तान्याचं नाव सांगितलं. पीरसाहेब सय्यद, खानदानी. त्यांनी अब्बांच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले, "ये नहीं पीता. इसके अंदर जो बैठा है, वो पीता है."

अम्मी तिथेच रडली. सुटल्यासारखी रडली. तिचा नवरा दारुडा नव्हता. त्याच्यावर असर होता. जिन्न होता. आता ती कुणालाही सांगू शकत होती. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

नजराणा काय द्यायचा? अब्बा म्हणाले, "आपल्या हाती रुई आहे." त्यांनी गादी भरायला घेतली. कितीतरी महिन्यांनी रुई पिंजायच्या धनुकलीची तार घरात वाजली. हात थरथरायचे, टाके वाकडे जायचे, ते उसवून पुन्हा घालायचे. मग ते अम्मीला म्हणाले, "मी बसतो वं तिथं. चाळीस दिवसांचा चिल्ला करतो. यावेळी सुटते."

आस्तान्याचा नियम होता. आल्या दिवसापासून दारूचा थेंब नाही. बाहेरची गोळी नाही, सुई नाही. फक्त पढलेलं पाणी, लोबानची धुनी आणि साखळी.

पहिली रात्र अब्बा घामाने भिजले. दुसऱ्या दिवशी हात जोरात कापू लागले. गुरुवारी सकाळी ते हवेतून काहीतरी वेचू लागले. "मुंग्या," ते म्हणाले. "काढ ना वं माय. मुंग्या चढून राहिल्या."

फरशीवर एकही मुंगी नव्हती.

"आ गया," खादिम म्हणाला. "आज हाजरी होगी." हाजरी म्हणजे आतला जिन्न सगळ्यांसमोर बोलू लागतो. लोकांना आधीच सांगितलं गेलं होतं. म्हणून तर हॉल भरला होता. म्हणून तर मला त्या गुडघ्यासाठी इतक्या लोकांदेखत उठवलं गेलं.

मला काहीतरी माहीत होतं. कॉलेजातून एकदा आम्हाला सरकारी दवाखान्याच्या व्यसनमुक्ती वॉर्डात नेलं होतं. तिथल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. दोन-तीन दिवसांत भास होतात, झटके येतात. माणूस जाऊ शकतो. मी सगळ्यांच्या मागे उभी होते. एक प्रश्न विचारायचा होता. विचारला नाही. विचारला असता तर मैत्रिणींना कळलं असतं, हिच्या घरात कोणीतरी पितं.

गादीवरून उठवल्यावर मी तिथेच उभी राहिले. बोलायचं होतं. मी म्हटलं, "साहब, ये जिन्न नहीं है शायद. दारू एकदम बंद की ना, इसलिए... दवाखाने में ले जाना पड़ेगा."

शायद असं मी का म्हटलं, कोण जाणे. मला तेव्हा खात्रीचे शब्द येत नव्हते.

पीरसाहेबांनी आता पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. हळू म्हणाले, "कॉलेज जाती है?"

"जी."

"अकेली? बस से?"

"जी."

ते लोकांकडे वळले. "दरवाजा मिल गया. घर में असर इसके साथ आया है." मग मला म्हणाले, "सब के सामने बोल. मेरी वजह से हुआ. कल से कॉलेज बंद. बोल, तो तेरे बाप को छोड़ेगा वो."

अम्मीने माझी ओढणी धरली. "बोल ना वं माय," ती कुजबुजली. "बोलल्यानं काय जाते? तुझ्या बापाले सोडते तो."

बाहेर गरम वारा सुटला होता. विजेच्या कारखान्याची राख उडून खिडकीच्या जाळीला लागत होती. धुनीचा धूर आत कोंडला होता. सगळी माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. एक बाई मोबाईल धरून होती.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, मला आजही सांगता येत नाही.

तेवढ्यात अब्बा पडले.

डोळे वर गेले. जबडा आवळला. सगळं अंग ताठ झालं आणि मग फरशीवर आपटू लागलं. साखळी खणखणत होती. तोंडातून फेस आला.

"निकल रहा है!" खादिम ओरडला. "कोई छूना मत!" लोक मोठमोठ्याने सुभानअल्लाह म्हणू लागले. खादिम पढलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन वाकला. त्याने अब्बांचे दात बोटांनी उघडले आणि पाणी ओतायला लागला. पाणी आत जात नव्हतं. अब्बांच्या घशातून घर्र आवाज आला. ओठ काळे पडत होते.

मी तांब्याला लाथ मारली.

हाताने मारायचं सुचलं नाही. पाय उचलला गेला. तांब्या उडाला, पाणी पीरसाहेबांच्या गादीवर सांडलं.

"पढ़ा हुआ पानी गिराया!" कोणीतरी किंचाळलं. "लात मारी!"

मी गादीवर चढले. चपला बाहेर होत्या, पण पाय राखेने माखलेले होते. गादीचा काठ धरला आणि ओढला. पीरसाहेबांना उठावं लागलं. गादी मी अब्बांजवळ नेली, त्यांना कुशीवर वळवून तिच्यावर घेतलं. तोंडातलं पाणी बाहेर आलं. थोड्या वेळाने अंग सैल झालं. ते श्वास घेत होते. मोठा, घोरल्यासारखा श्वास.

"चाबी," मी खादिमाला म्हटलं.

तो हसला. "मर जाएगा बाहर. लिख के ले."

तेव्हा अम्मी उठली. माझी अम्मी, जी दुकानात भाव विचारतानाही माझ्या मागे उभी राहते. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि पीरसाहेबांसमोर गेली. "चाबी द्या," ती म्हणाली. हिंदीत नाही, आमच्या बोलीत. "माह्या माणसाले मी आणलं. मीच नेतो."

पीरसाहेबांनी मान हलवली. खादिमाने चावी फरशीवर फेकली. अम्मीने ती वाकून उचलली आणि साखळीचं कुलूप काढलं.

मग मागच्या रांगेतून दोन माणसं पुढे आली. कोण होती, ठाऊक नाही. चौघांनी मिळून गादीचे चार कोपरे धरले आणि अब्बांना तसंच रस्त्यावर नेलं. कोळशाचे ट्रक धूळ उडवत जात होते. एका ऑटोवाल्याने ऑटो थांबवला.

दवाखान्यात सन्मान मिळाला, असं नाही. तरुण डॉक्टरने नाव लिहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि हसत म्हणाला, "तुमच्यात तर दारू चालत नाही ना?" मी म्हटलं, "दारू आहे. असंच लिहा." अम्मीने पदर तोंडावर ओढला. पण नाही म्हणाली नाही.

अब्बा जगले. गोळ्या चालू आहेत. अम्मी अजून पाण्यावर पढते, आणि त्याच पाण्याने त्यांना गोळी देते. अब्बांना त्या दिवसाचं काही आठवत नाही. कधी कधी ते माझं नावही विसरतात. एकदा पिऊन आले. पुन्हा येतील. मला माहीत आहे.

मागच्या आठवड्यात खादिम घरी आला. दारातच उभा राहिला. "गादी पीरसाहब की है. वापस करो." मग अब्बांकडे पाहत म्हणाला, "और जिन्न वापस भी आता है. बच्ची बाहर आती-जाती है. संभालो."

तो गेल्यावर अम्मीने दाराला कडी लावली. आता ती दिवसाही कडी लावते. बसस्टॉपवर दोनदा तो मला दिसला. नुसता पाहत होता.

आस्तान्यावर गर्दी कमी झालेली नाही, वाढली आहे. ज्या बाईने मोबाईल धरला होता, तिचा व्हिडिओ फिरतो. त्यात अब्बा आपटताना दिसतात, 'निकल रहा है' ऐकू येतं, आणि तिथेच तो संपतो. तांब्या नाही. मी नाही. चावी नाही. तो पाहून लोक आपापले अब्बा, आपापली मुलं तिकडे घेऊन जातात.

काल अब्बांनी गादीचा उसवलेला काठ शिवला. हात थरथरत होते. कोपऱ्यातला लाल टाका त्यांनी बोटाने चाचपला आणि तसाच राहू दिला.

गादी परत जाणार नाही. नाही, जाणार आहे. पण आत नाही. या गुरुवारी दुपारी ती मी आस्तान्याच्या फाटकासमोर, रस्त्याच्या कडेला अंथरणार आहे. अम्मी येते म्हणाली आहे. कापणाऱ्या हातांच्या माणसाला धरून जे कोणी येईल, त्याला मी सांगणार, आत साखळी आहे, आत पाणी घशात ओततात, दवाखाना तिकडे आहे. दुआ इथे बसून करा, माझी अम्मी तुमच्यासोबत करेल. माझा आवाज अडखळेल. अडखळत सांगेन.

आणि खादिम येईल. येणारच. उठ म्हणेल.

मी उठणार नाही.