तोंडी परीक्षेआधीचे शनिवार

मी स्वमग्न आहे हे मला कळलं तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलेला तो शब्द लोणावळ्याला पोचेपर्यंत मी गाडीत दहा वेळा वाचला, आणि तो मला पटेना. स्वतःत मग्न? समोरच्या बाईच्या बांगड्या, पंख्याची घरघर, कुणाच्या तरी मोबाइलवरचं गाणं, सगळं एकाच वेळी माझ्यात शिरत होतं. मग्न कशातच होता येत नव्हतं.

मी एका कारखान्यात विजेच्या पॅनेलची ड्रॉइंग करते. माझी गोष्ट ऑफिसातून फिरत फिरत कान्हे स्टेशनजवळच्या एका प्रशिक्षण केंद्रात पोचली आणि तिथल्या प्राचार्य मॅडमनी मला मुलांसमोर दोन शब्द बोलायला बोलावलं. माइक किंचाळला आणि मी कान झाकून सभागृहातून बाहेर पडले. मागच्या वर्कशॉपमध्ये गेले, तर तिथं आधीच एक मुलगी बसली होती, कानांत बोटं घालून. एकोणीस वर्षांची, जवळच्याच वडिवळे गावची, वायरमनचा कोर्स करणारी. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. मग भिंतीकडे बोट करून ती म्हणाली, "ह्यो बोर्ड उलटा बसवलाय."

खरंच उलटा होता.

तिचंही निदान शाळेत असताना एका शिबिरात झालं होतं. तो कागद तिच्या आईनं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता, पण त्याचं पुढं काय करायचं हे त्या माउलीला कुणी सांगितलं नव्हतं. मी मॅडमना विचारलं आणि दर शनिवारी कान्ह्याला जायला लागले. आम्ही दोघी बोर्डवर वायरी ओढायचो आणि हात चालू असतानाच बोलायचो, कारण एकमेकींकडे बघत बोलणं दोघींनाही जमायचं नाही. मला जे कुणी सांगितलं नव्हतं ते मी तिला सांगत होते. ग्राइंडर लावण्याआधी सरांना हात वर करायला सांग, म्हणजे तुला आधीच कान झाकता येतील. कुणी 'जरा बघ' म्हणालं तर 'नक्की काय बघू' असं विचार, त्यात उद्धटपणा नाही. यावर ती हसली. "आई रोज म्हनती, जरा बघ. मी बघतच ऱ्हाते."

परीक्षा जवळ आली तसं तिच्या सरांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. "हात फार चांगला आहे हिचा. पण तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात. त्यांच्यापुढे ही गप्प राहिली तर मी काय करू? मी तर हिच्या आईला सांगितलंय, शिवणकामाला घाला."

त्या वाक्यानं माझी झोप उडाली. ऑफिसात ड्रॉइंग उघडायची आणि तशीच बंद करायची. जिन्यावरून उगाच खालीवर करायची. शेवटी मी सात पानं लिहून काढली आणि मॅडमकडे बैठक मागितली.

बैठकीला मॅडम, सर, तिची आई, ती आणि मी. मी सातही पानं वाचली. तिला काय सोसत नाही, ती का अडखळते, आणि ग्राइंडरच्या आवाजानं ती संडासात जाऊन रडते हेसुद्धा. ते तिनं फक्त मला सांगितलं होतं. वाचताना मी मान वर केली नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला तेव्हा ती दारातून बाहेर पडत होती.

आई उठली. "ताई, तुमी लय चांगलं बोललात. पर पोरीला इचारलंवतं का?"

लहानपणी माझ्यासमोरच माझ्याबद्दल बोलणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांचे आवाज मला आठवले, आणि आज त्यांत माझाही होता.

तो आठवडा मी कसा काढला सांगता येत नाही. 'चुकले' एवढाच मेसेज पाठवला. तिनं वाचला, उत्तर दिलं नाही. शनिवारी कान्ह्याच्या फलाटावर उतरले आणि परतीची गाडी पकडावी का म्हणून दोनदा जिना चढले. मग गेले.

ती बोर्डपाशी होती. मी म्हणाले, "तुझी गोष्ट मी सांगायला नको होती."

"व्हय. नको हुती." तिनं वायर सोलून पूर्ण केली. "मला राग आला, पर तुमचं तेवढं खरं हाय की परीक्षा अशी न्हाई जमायची. माझं मी लिवते. तुमी फकस्त शुद्धलेखन बघा."

ड्रॉइंगच्या कागदावर तिनं तीन ओळी लिहिल्या होत्या. प्रश्न लिहून द्यावेत. उत्तर बोर्डवर करून दाखवू द्यावं. तेवढा वेळ ग्राइंडर बंद असावा. मी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. कागद तिनं स्वतः मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला. मॅडमनी परीक्षकांशी बोलून परवानगी मिळवली.

परीक्षेच्या दिवशी मी बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. आत काय झालं ते नंतर सरांनी सांगितलं. परीक्षकांनी लिहिलं होतं, बल्ब लागत नाही, पण होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर पेटतो, दोष काय? ती हातानं दाखवायला गेली आणि मध्येच तोंडानं म्हणाली, "न्यूट्रल तुटलाय." म्हणजे परतीची तार; उत्तर अचूक होतं. सर सांगताना आपल्याच परीक्षेचा निकाल लागल्यासारखे खुलले होते.

ती पास झाली. यंदा तोंडी परीक्षेचे प्रश्न सगळ्याच मुलांना लेखी मिळतील, असं मॅडम म्हणतात. अजून तसा लेखी आदेश मात्र निघालेला नाही, आणि मी दर आठवड्याला विचारते.

एका कारखान्याच्या मुलाखतीत तिला नाकारलं. आता ती लोणावळ्यात एका कंत्राटदाराकडे बंगल्यांचं वायरिंग करते. तो परवा सरांकडे तक्रार करत होता, की ही सकाळी आल्यावर नमस्कारसुद्धा करत नाही. ऐकल्याबरोबर माझा हात फोनकडे गेला. पण आधी तिला विचारलं, "बोलू का मी त्यांच्याशी?"

"नको. मीच बोलनार हाय उद्या. तुमी निसत्या संगं या, आन गप बसा."

मी गेले. ती बोलत होती, अडखळत होती, आणि मी माझी बोटं मांडीखाली दाबून बसले होते.