ठळक उत्तरं

शाळेतल्या टायपिस्ट बाईंनी एका फाइलमधला मजकूर उचलून दुसरीत टाकला, तरी एक चौकट, एक ओळ जागची हलायची नाही. “माझं काम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चूक शोधून दाखवा!” असं त्या घरीही येताजाता ऐकवायच्या.

परीक्षेची घंटा झाली. पेपर वाटून झाले. उरलेला एक पेपर सहज चाळताना बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. गणिताच्या सरांनी स्वतःच्या सोयीसाठी फाइलमध्ये बरोबर पर्याय ठळक करून ठेवले होते. बाईंनी प्रश्न कॉपी केले, तसा तो ठळकपणाही इमानेइतबारे पेपरात आला होता. त्यात त्यांची लेक त्याच वर्गात! आईनं लेकीसाठीच केलं, असंच लोक म्हणणार. चूक कबूल करून पेपर थांबवायचं मात्र त्यांना धाडस झालं नाही.

पेपर सुटताच त्यांनी लेकीला जिन्यातच गाठलं. “ठळक दिसली तीच उत्तरं लिहिलीस की काय गं?”

“छे! तीच तेवढी टाळली,” लेक म्हणाली. “मला वाटलं, फसवायला मुद्दाम केलीत. तुझ्या हातून चूक होतच नाही ना, आई!”